परक्या वाटेचें दस्तक

पुण्याच्या दक्षिणेस, स्वारगेटावरून कात्रजकडे जाणाऱ्या सातारा रस्त्याला लागून बिबवेवाडी आहे. एके काळीं हें शहराबाहेरचें खेडें होतें. आज तें महानगरपालिकेच्या हद्दींतील दाट वस्तीचें उपनगर झालें असून, शेजारच्या मार्केट यार्डांत येणाऱ्या मालमोटारींमुळें येथील रस्त्यांस उसंत म्हणून ठाऊक नाहीं. गेल्या हिवाळ्यांत एके सकाळीं याच भागांतील एका वळणावर आम्हीं एक प्रसंग पाहिला. घराप्रमाणें सजविलेली एक भलीमोठी मोटार दक्षिणेकडे चालली होती. तिच्या मागील बाजूस लंबवर्तुळाकार पांढऱ्या पट्टीवर 'डी' हें एकच रोमन अक्षर होतें. अर्थात् गाडी जर्मनींत नोंदलेली होती. वळण घेतांना तिचा मागला कोपरा कडेला उभ्या असलेल्या एका फळवाल्याच्या हातगाडीस लागला. हातगाडीचें चाक मोडलें, पेरू रस्ताभर पसरले, आणि पांच मिनिटांत पन्नास माणसें जमलीं.

मोटारींतून एक वृद्ध जोडपें उतरलें. दोघेंहि अत्यंत सभ्य. पोलीस हवालदार येतांच त्या गृहस्थानें एक जाड फाईल उघडली आणि गाडीचें नोंदणीपत्र, स्वतःचा परवाना, त्याचें आंतरराष्ट्रीय रूप, विम्याचा कागद, जकातखात्याच्या शिक्क्यांची एक लांबट वही, असे एकामागून एक कागद पुढें ठेवले. हवालदारानें ते उलटसुलट करून पाहिले. तेवढ्यांत इतका वेळ गप्प असलेला फळवाला म्हणाला, "कागद सगळे बरोबर असतील साहेब, पण माझ्या चाकाचं कोण भरणार?" गृहस्थानें जागच्या जागीं पैसे दिले व प्रकरण तेथेंच मिटलें.

प्रकरण मिटलें, तरी तो प्रश्न आमच्या मनांतून गेला नाहीं. परमुलखांतील गाडी आपल्या रस्त्यावरून चालवूं देण्यासाठीं राज्यें जे कागद मागतात, त्यांचा इतिहास आम्हीं त्यानंतर सवडीनें पाहिला, आणि आमची अशी समजूत झाली कीं, त्या सर्व इतिहासाचें सार फळवाल्याच्या एका वाक्यांत आलें होतें. हे कागद प्रवाशाला छळण्यासाठीं निर्माण झाले, असें प्रवासी समजतो; ते आपल्या सत्तेची खूण म्हणून निर्माण झाले, असें राज्यें समजतात. दोन्ही समजुतींत कांहीं तथ्य आहे. परंतु ज्याच्या दारावरून ती परकी गाडी जाते, त्या तिसऱ्या माणसाचा विचार या कागदांत केव्हां व कसा शिरला, हें पाहणें आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें.

प्रथम एका शब्दाकडे पाहूं. 'रहदारी' म्हणजे आज आपण रस्त्यावरील येजा समजतों. हा शब्द फारसी 'राहदारी'वरून आला; आणि राहदारी म्हणजे मुळांत वाट राखण्याचें काम, व त्या कामाबद्दल वाटसरूकडून घेतलेला कर. मोगली अमलांत हा कर इतका जाचक झाला होता कीं, औरंगजेबानें राज्यावर येतांच तो माफ केल्याचें फर्मान काढलें. जुन्या मराठींत रहदारी या शब्दास वाटेच्या परवान्याचाहि अर्थ होता. 'दस्तक' आणि 'परवाना' हे शब्दहि त्याच दफ्तरी भाषेंतून आपल्याकडे आले. म्हणजे वाट, वाटेचें रक्षण, वाटेचा कर आणि वाटेचा कागद या चार गोष्टी आपल्या पूर्वजांच्या भाषेंत वेगळ्या नव्हत्याच. जो वाट राखतो त्याला वाटसरूस विचारण्याचा अधिकार आहे, आणि जो विचारतो त्याच्यावर राखण्याची जबाबदारी आहे, असा तो व्यवहार होता. निदान असावा, अशी अपेक्षा होती.

या व्यवहाराचा सर्वांत मोठा वाद मात्र जमिनीवर न होता आमच्या कोंकणच्या समुद्रावर झाला. सोळाव्या शतकाच्या आरंभीं पोर्तुगीज हिंदी महासागरांत आले आणि त्यांनीं समुद्र हीच आपली सरकारी सडक आहे, असें ठरविलें. त्यांनीं 'कार्ताझ' नांवाचा परवाना काढला. जहाजाचें व तांडेलाचें नांव, तें कोठून निघालें, कोठें जाणार, त्यावर काय माल व किती शस्त्रें आहेत, हें सर्व त्यांत लिहिलेलें असे. मिरीसारखा माल न नेण्याची अट असे, आणि वाटेंत पोर्तुगीजांच्या बंदरांत जकात भरावी लागे. ज्याच्यापाशीं हा कागद नसेल तें जहाज मालासकट जप्त होई. पुढें मोगल बादशहाचीं मक्केच्या यात्रेस जाणारीं जहाजेंसुद्धां हा कागद घेऊनच सुरतेहून निघत. आजच्या मोटारीच्या नोंदणीपत्राशीं त्याची तुलना केली तर रकाने बहुतेक तेच आहेत, असें दिसेल: वाहन कोणतें, चालवितो कोण, कोठें जातें, आणि जकातीचें काय? एक रकाना मात्र त्यांत नव्हता. पोर्तुगीजांचें जहाज दुसऱ्याच्या बंदरांत आलें तर त्यानें कोणाचा परवाना दाखवावा, हें कोठेंच लिहिलेलें नव्हतें. कार्ताझ हा एकतर्फी कागद होता. त्याच्या पाठीमागें करार नसून तोफा होत्या.

या एकतर्फीपणास आव्हान दिलें तें मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे यांनीं. कुलाबा व विजयदुर्ग यांच्या बळावर त्यांनीं जाहीर केलें कीं, या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापाऱ्यांनीं आमचें दस्तक घ्यावें. नाहींपेक्षां जहाज अडविलें जाईल. दोनशें वर्षें जी गोष्ट पोर्तुगीजांनीं हक्क म्हणून केली, तीच एका हिंदी आरमारानें करतांच तिला चांचेगिरी हें नांव मिळालें. मुंबईकर इंग्रजांशीं त्यांचा १७१३ सालीं समेट झाला, पण तो फार दिवस टिकला नाहीं. वादाचा मुद्दा आम्हांस आजच्या दृष्टीनें फार बोधप्रद वाटतो. इंग्रजांचें म्हणणें असें कीं, आमचें निशाण लावून व आमचा परवाना घेऊन चालणारें जहाज आमचेंच समजावें, मग त्याचा मालक कोणी का असेना. कान्होजींचें म्हणणें असें कीं, कंपनीचें जहाज आम्ही अडविणार नाहीं. परंतु देशी व्यापारी इंग्रजांचें नांव पुढें करून आपला माल नेऊं लागतील, तर त्यांस आमचें दस्तक घ्यावेंच लागेल.

म्हणजे प्रश्न असा होता: वाहन कोणाचें? ज्याचें निशाण त्याचें, कीं ज्याच्या मालकीचें त्याचें? आणि एका सत्तेनें दिलेला कागद दुसऱ्या सत्तेनें कां मानावा? १७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज यांनीं मिळून कुलाब्यावर चाल केली. ती फसली, आणि पोर्तुगीजांनीं पुढल्याच वर्षीं मराठ्यांशीं तह करून अंग काढून घेतलें. कान्होजी १७२९ सालीं वारले, तोंपर्यंत त्यांच्या दस्तकाची मातबरी कायम होती. वादाचा निकाल त्या काळीं तोफांनींच व्हावयाचा होता, तसा तो पुढें झाला. तथापि कान्होजींच्या बोलण्यांत जें तत्त्व होतें, तें टिकलें. माझ्या कागदास मान हवा असेल तर दुसऱ्याच्या कागदास मान द्यावा लागेल, हें तें तत्त्व होय. युरोपीय राष्ट्रांस तें आपसांत मान्य करावें लागलें, त्यास मोटारगाडी कारण झाली.

विसाव्या शतकाच्या आरंभीं मोटारगाड्या युरोपच्या सरहद्दी ओलांडूं लागल्या, तेव्हां मोठा घोटाळा उडाला. आगगाडी सरहद्दीवर ठरलेल्या जागीं थांबते. घोडागाडी फार दूर जात नाहीं. परंतु मोटार सकाळीं एका राज्यांत, दुपारीं दुसऱ्यांत व रात्रीं तिसऱ्यांत. प्रत्येक ठिकाणीं नवी तपासणी, नवा नंबर, नवी परीक्षा. यावर उपाय म्हणून ११ ऑक्टोबर १९०९ रोजीं पॅरिस येथें मोटारींच्या आंतरराष्ट्रीय रहदारीचा पहिला करार झाला. एका देशानें वाहनाची व चालकाची परीक्षा करून एक वर्षाच्या मुदतीचें प्रमाणपत्र द्यावें, आणि करारांतील इतर देशांनीं तें मानावें, असें ठरलें. गाडीच्या मागें लंबवर्तुळांत देशाचें अक्षर असावें, हा नियम त्याच करारांतला; आमच्या बिबवेवाडींत दिसलेला 'डी' हा त्याचा वंशज. खांचखळगा, वळण, रस्त्यांचा छेद व रेल्वेचें फाटक या चार धोक्यांच्या पाट्या सर्व देशांत सारख्या असाव्या, हेंहि तेव्हांच ठरलें. पुढें ब्रिटिश हिंदुस्थानहि या व्यवस्थेंत आलें व त्याच्या गाड्यांस 'बी आय' हीं अक्षरें मिळालीं. २४ एप्रिल १९२६ च्या पॅरिस करारानें वाहनाचा कागद व चालकाचा कागद हे वेगळे केले. ज्यास आपण आज आंतरराष्ट्रीय वाहन-परवाना म्हणतों त्याचा जन्म तेव्हांचा.

पॅरिस लांब राहिलें. आमच्या दारावरून जाणाऱ्या सातारा रस्त्याचीच गोष्ट पाहूं. १९१४ सालीं हिंदुस्थान सरकारनें मोटारींचा पहिला अखिल हिंदी कायदा केला. परंतु तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. देशी संस्थानांत संस्थानिकांचे नियम. आतां पुण्याहून निघून कोणा गृहस्थास मोटारीनें गोव्यास जावयाचें असलें तर काय होई, हें पाहा. कात्रजचा घाट उतरला कीं, भोर संस्थानाचा मुलूख वाटेच्या कडेलाच. पुढें साताऱ्यावरून कऱ्हाडपर्यंत इंग्रजी अंमल. वारणा ओलांडली कीं, करवीर दरबारचें राज्य. निपाणीस पुन्हा इंग्रजी अंमल. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी संस्थान, आणि बांद्याच्या पुढें पोर्तुगीजांचें राज्य. प्रवासी मराठी, वाटेंत भेटणारीं माणसें मराठी व कोंकणी बोलणारीं, देवळें तींच, आडनांवें तींच. आणि तरीहि त्याची गाडी एका प्रवासांत तीन-चार वेळां परकी होऊन पुन्हा स्वकीय होई. 'परदेशीं नोंदलेली गाडी' हा विषय आपल्याकडे विलायतेस जाणाऱ्यांनीं आणला, अशी जी समजूत आहे ती चुकीची आहे. तो आपल्या अंगणांतला विषय होता.

याच वाटेसंबंधीं एक नवलाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पोर्तुगाल देशांत गाड्या पूर्वीं रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालत. १९२८ सालीं त्या देशानें डावी बाजू सोडून उजवी धरली. साम्राज्याच्या शिरस्त्याप्रमाणें गोव्यानेंहि तेंच करावयाचें. परंतु गोवा, मकाव व मोझांबिक यांस त्यांतून वगळण्यांत आलें, कारण त्यांच्या सरहद्दीपलीकडील मुलूख डाव्या बाजूनें चालणारा होता. लिस्बनचा हुकूम जेथें धर्म, भाषा व न्याय यांत चालला, तेथें रस्त्याच्या बाजूच्या बाबतींत तो बांद्याच्या व बेळगांवच्या गाड्यांपुढें नमला. पत्रादेवीस नाकें ओलांडतांच गाड्यांनीं बाजू बदलावी, असा हुकूम काढणाऱ्यास पहिल्याच आठवड्यांत किती माणसें मेलीं हें मोजावें लागलें असतें. रस्त्याचा नियम हा सत्तेच्या मानापमानाचा विषय नसून समोरून येणाऱ्याच्या जिवाचा विषय आहे, हें एवढ्या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावें.

१९३९ सालीं मोटारींचा नवा कायदा झाला. त्यांत संस्थानांत दिलेल्या, तसेंच हिंदुस्थानास लागून असलेल्या फ्रेंच व पोर्तुगीज वसाहतींत दिलेल्या परवान्यांची दखल घेणारी तरतूद होती. म्हणजे जें लोक आपल्या येण्याजाण्यानें आधींच करीत होते, त्यास कायद्याचें रूप आलें. परंतु या कायद्याचा आमच्या मतें सर्वांत मोठा गुण त्याच्या आठव्या प्रकरणांत होता. गाडीमुळें ज्या तिऱ्हाइतास इजा होईल त्याच्या भरपाईसाठीं प्रत्येक मालकानें विमा उतरलाच पाहिजे, असें तें प्रकरण सांगतें. इंग्लंडांत ही सक्ति १९३० च्या कायद्यानें आली होती. आपल्याकडे तें प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलांत आलें. तोंपर्यंत रस्त्यावरचा कायदा दोन पक्षांमधला होता: एक सरकार व दुसरा गाडीवाला. ज्याच्या अंगावरून गाडी गेली तो त्या कायद्यांत फारसा नव्हता. त्यानें दिवाणी कोर्टांत दावा लावावा, आणि गाडीवाला कफल्लक निघाला तर हुकूमनामा घेऊन घरीं बसावें. विम्याच्या सक्तीनें तो तिसरा माणूस प्रथम कागदावर आला. विमेवाल्यांच्या भाषेंत त्यास 'थर्ड पार्टी' म्हणतात. नांव रुक्ष आहे; परंतु कार्ताझच्या रकान्यांत ज्याला चारशें वर्षें जागा नव्हती, त्याचेंच हें नांव होय.

१९४८ व १९४९ या दोन सालांत दक्षिणेंतील संस्थानें मुंबई इलाख्यांत विलीन झालीं आणि सातारा रस्त्यावरील सरहद्दी पुसल्या गेल्या. गोव्याची तेवढी उरली. १५ ऑगस्ट १९५५ रोजीं निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दींत शिरले असतां पोर्तुगीजांनीं गोळीबार केला. त्यानंतर भारत सरकारनें सरहद्द बंद केली. आगगाडी थांबली, मोटारींची येजाहि थांबली. ज्या वाटेनें घरच्या लग्नकार्यास माणसें ये-जा करीत, तिच्यावर सहा वर्षें परवान्यावांचून पाऊल टाकतां येईना. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला तेव्हां ही वाट पुन्हा उघडली. परस्परांच्या कागदास मान देण्याची रीति किती नाजूक असते, हें आपल्या पिढ्यांनीं येथें पाहिलें. दोन सरकारांचें बिनसलें कीं, कालपर्यंत चालणारा परवाना आज रद्दी होतो, आणि त्यांत प्रवाशाचा अपराध कांहींच नसतो.

आतां सद्यःस्थितीकडे वळूं. १९ सप्टेंबर १९४९ रोजीं जिनिव्हा येथें संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमानें नवा करार झाला. भारत १९६२ सालीं त्यांत पक्का सामील झाला. १९६८ सालीं व्हिएन्ना येथें आणखी एक करार झाला. आपल्याकडे मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना जिनिव्हा करारास अनुसरून असतो व तो एक वर्ष चालतो. पुणेकरांस तो संगम पुलाजवळील प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून मिळतो. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. आंतरराष्ट्रीय परवाना हा स्वतंत्र परवाना नव्हे. तो आपल्या मूळ परवान्याचें अनेक भाषांतलें, साऱ्या जगास वाचतां येईल असें भाषांतर होय. मूळ परवाना बरोबर नसेल, किंवा त्याची मुदत संपली असेल, तर भाषांतरास कांहींच किंमत नाहीं.

गाडीच बरोबर न्यावयाची असेल तर आणखी एक वही लागते. तिला 'कार्ने' म्हणतात. परक्या गाडीपासून यजमान देशास दोन भयें असतात: एक अपघाताचें, आणि दुसरें असें कीं, प्रवासी म्हणून आलेला मनुष्य गाडी तेथेंच विकून जकात बुडवील. या दुसऱ्या भयावर मोटारवाल्यांच्या मंडळांनीं तोड काढली. मालकाच्या देशांतील मंडळ जामीन राहतें; गाडी ठरलेल्या मुदतींत परत गेली नाहीं तर जकात मंडळ भरतें आणि मग मालकाकडून वसूल करतें. वहीच्या प्रत्येक पानाचे तीन तुकडे असतात. एक आंत शिरतांना फाडावयाचा, एक बाहेर पडतांना, आणि तिसऱ्या स्थळप्रतीवर दोन्ही शिक्के. ४ जून १९५४ च्या न्यूयॉर्क येथील करारानें या रीतीस आंतरराष्ट्रीय मान्यता दिली. आपल्याकडे मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारख्या संस्था हें काम करीत आल्या आहेत. सावकारी पेढीच्या हुंडीची ज्यांस माहिती आहे त्यांस यांत नवीन कांहीं वाटणार नाहीं. हुंडी जशी लिहिणाऱ्याच्या पतीवर परगांवीं चालते, तशी ही वही जामिनाच्या पतीवर परदेशांत चालते.

पहिल्या भयावरील तोड विम्याची. युरोपांत १९५३ पासून 'हिरव्या कार्डा'ची पद्धति सुरू झाली. एका देशाच्या विमेवाल्यानें दिलेलें हें कार्ड दुसऱ्या देशांत दाखविलें कीं, तेथील विमेवाल्यांचें मंडळ अपघातांत सांपडलेल्यास आपल्याच कायद्याप्रमाणें भरपाई देतें आणि तो खर्च मागाहून मूळ विमेवाल्याकडून घेतें. जखमी माणसास परक्या भाषेंत पत्रें लिहीत बसावें लागत नाहीं, हें या पद्धतीचें खरें थोरपण. भारत या पद्धतींत नाहीं. सबब युरोपांतून येणाऱ्यास येथें शिरतांच येथील रस्त्यावर चालेल असा विमा घ्यावा लागतो.

परकी खासगी वाहनें भारतांत येतात त्यांच्यासाठीं केंद्र सरकारनें २०२२ सालीं स्वतंत्र नियम केले. त्यांप्रमाणें वाहनांत चार कागद असले पाहिजेत: चालू नोंदणीपत्र, चालकाचा परवाना अथवा आंतरराष्ट्रीय परवाना, चालू विमापत्र, आणि त्या देशांत लागू असल्यास धुराचें प्रमाणपत्र. हे कागद इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेंत असतील तर ते देणाऱ्या अधिकाऱ्यानें प्रमाणित केलेलें इंग्रजी भाषांतर बरोबर हवें. अशा वाहनानें भारताच्या हद्दींत स्थानिक उतारू व माल वाहूं नये. हें शेवटचें कलम वाचतांना आम्हांस कान्होजी आंग्र्यांची आठवण झाली. परक्या निशाणाखालीं देशी व्यापार करूं नये, हेंच त्यांचेंहि म्हणणें होतें.

शेजारच्या देशांशीं आपला व्यवहार निराळा आहे. पशुपतिनाथास मोटारीनें जाणारीं मराठी कुटुंबें पुष्कळ असतात. नेपाळच्या सरहद्दीवर त्यांस 'भन्सार' म्हणजे जकातीची चिठ्ठी दिवसांच्या हिशेबानें घ्यावी लागते. तेथें कार्नेची वही लागत नाहीं. १५ जून २०१५ रोजीं थिंफू येथें भारत, बांगलादेश, भूतान व नेपाळ यांनीं परस्परांच्या गाड्या येऊं देण्याचा करार केला. परंतु भूतानच्या संसदेच्या वरिष्ठ सभेनें त्यास संमति दिली नाहीं. आपल्या अरुंद डोंगरी रस्त्यांवर मोठ्या देशांच्या मालमोटारींची रीघ लागेल, ही तेथील लोकांची धास्ती होती. पुष्कळांनीं या नकाराबद्दल भूतानला नांवें ठेविलीं. आम्हांस मात्र त्यांत विनोद करण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. परस्परता ही बरोबरीच्या माणसांत शोभते. ज्याच्या घरीं दोन गाड्या व ज्याच्या घरीं दोनशें, त्यांनीं एकमेकांस अंगण मोकळें केल्यानें दोघांचा लाभ सारखाच होत नाहीं.

वाचकांपैकीं अनेकांचे मुलगे, मुली, जांवई आज परदेशीं आहेत, व आईबाप सहा-सहा महिने तेथें जाऊन राहतात. त्यांच्यासाठीं दोन शब्द. ब्रिटनमध्यें भारतीय परवान्यावर बारा महिने हलकी गाडी चालवितां येते. पुढें तेथेंच राहावयाचें असेल तर तेथील परीक्षा द्यावी लागते. जर्मनींत वास्तव्य केल्यावर ही मुदत सहा महिन्यांची, आणि परवान्याचें भाषांतर अथवा आंतरराष्ट्रीय परवाना बरोबर लागतो. अमेरिकेंत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. परंतु नियमांहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, कागद वाट मोकळी करून देतो, संवय देत नाहीं. चाळीस वर्षें डाव्या बाजूनें गाडी चालविलेल्या माणसाचा हात पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर, झोपेच्या अमलांत, नकळत डावीकडेच वळतो. आमचाहि एकदां परदेशीं असाच वळला होता. समोरून दूधवाल्याची गाडी येत होती; त्या माणसानें प्रसंगावधान राखलें म्हणून हा लेख लिहितां आला. आमच्या खिशांत सर्व कागद व्यवस्थित होते.

आणि परकेपणासाठीं समुद्र ओलांडावा लागतो असेंहि नाहीं. पुण्याची एम एच १२ ची गाडी दुसऱ्या राज्यांत बारा महिन्यांहून अधिक ठेवली तर १९८८ च्या कायद्याप्रमाणें तेथें नवा नंबर घ्यावा लागतो. बदलीच्या नोकरींतील लोकांचा हा त्रास कमी करण्यासाठीं २०२१ सालीं 'बी एच' नांवाची नोंदणीमालिका निघाली. बेळगांवास गेलेल्या आमच्या परिचितांच्या गाडीस तेथें परकी म्हणून हटकतात. आणि कर्नाटकाच्या नंबराची गाडी आमच्या गल्लींत दिसली कीं, आम्हीच दोनदां वळून पाहतों. नंबराच्या पाटीवरून माणसाची पारख करण्याची ही खोड कायद्यानें जाणारी नव्हे.

तोफेच्या बळावर मागितलेला कार्ताझ, बरोबरीच्या हक्कानें मागितलेलें कान्होजींचें दस्तक, एकमेकांच्या कागदास मान देणारे पॅरिसचे व जिनिव्हाचे करार, आणि तिऱ्हाइताच्या भरपाईची हमी देणारा विमा, अशा चार पायऱ्या या इतिहासांत आम्हांस दिसतात. पहिल्या तीन पायऱ्यांवर राजे व राज्यें उभीं आहेत. चौथीवर तो फळवाला उभा आहे. ती पायरी आपल्याकडे पुरी बांधून झाली आहे, असें म्हणवत नाहीं. कायदा आहे, विमा आहे, दाव्यांसाठीं न्यायाधिकरणहि आहे. तरी मोडलेल्या चाकासाठीं व चिरडलेल्या पेरूंसाठीं तेथवर जाणें हातावर पोट असलेल्या माणसास परवडत नाहीं. त्या सकाळीं त्याला पैसे मिळाले ते फाईलींतील कागदांमुळें नव्हेत, समोरचा म्हातारा भला होता म्हणून. समोरचा तसा नसता, तर काय झालें असतें, हें हवालदारास ठाऊक होतें, जमलेल्या पन्नास माणसांस ठाऊक होतें, आणि फळवाल्यासहि ठाऊक होतें. म्हणूनच त्यानें तो प्रश्न परक्या पाहुण्याकडे न पाहतां हवालदाराकडे पाहून विचारला होता.